फोटो ही दुसऱ्याची ठेव



ईदचे नवे कपडे घातले किंवा शाळेचे स्नेहसंमेलन झाले, की आपण मोबाईलवर फोटो काढतो आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. आनंद वाटून घेणे चांगलेच. पण लहान मुलाचा फोटो पाठवण्यापूर्वी थोडे थांबावे, असे माझे मत आहे.

एकदा पाठवलेला फोटो आपल्या हाती राहत नाही. आपण तो दहा नातेवाइकांना पाठवतो. त्यांतला एखादा तो पुढे पाठवतो. मग तो कोठे पोहोचला, हे कोणीच सांगू शकत नाही. शिवाय फोटो स्वतः बोलत नाही. त्याखाली कोणी काहीही लिहिले, तरी लोक तेच खरे मानतात.

याचा परिणाम किती भयंकर होतो, हे आपल्या खानदेशाने पाहिले आहे. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्याची अफवा मोबाईलवरून देशात पसरली. तिच्यासोबत मुलांचे फोटो आणि चित्रफिती फिरत होत्या. त्यांतली एक चित्रफीत मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केली होती. मोटारसायकलवरून उचललेले मूल शेवटी परत आणले जाते, असे तिच्यात होते. कोणीतरी तो शेवटच कापून टाकला! १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, जमावाने पाच निरपराध माणसांना मुले पळवणारे समजून ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पण खरी मर्यादा आपल्या मनानेच घालायला हवी.

तुम्ही विचाराल, "मग हरवलेले मूल सापडले, तर त्याचा फोटो पाठवणे हे पुण्याचेच काम नाही का?" हेतू चांगला आहे, पण मार्ग बरोबर नाही. अशा मुलाला पोलिसांकडे न्यावे किंवा १०९८ या क्रमांकावर कळवावे. संकटात सापडलेल्या मुलाचे नाव, शाळा किंवा फोटो परवानगीशिवाय प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने मनाई केली आहे.

घरच्या फोटोंबाबतही काळजी घ्या. गणवेशावरील शाळेचे नाव किंवा घराचा पत्ता दिसेल असा फोटो सर्वांसाठी टाकू नका. धाकट्या भावंडाचा फोटो पाठवण्यापूर्वी आईवडिलांना विचारा. मित्राचा असेल, तर मित्रालाही विचारा. रडणाऱ्या किंवा उघड्या अंगाच्या मुलाचा फोटो तर मुळीच पाठवू नका. आज त्याला काही कळत नाही, पण उद्या मोठेपणी त्याला लाज वाटेल.

मित्रांनो, 'अमानत' हा शब्द तुमच्या घरातलाच आहे. मराठीत आपण तिला 'ठेव' म्हणतो. मुलाचा फोटो ही त्या मुलाची ठेव आहे. ती सांभाळावी, उधळू नये.