शेजारच्या सभागृहात आपली मुले बसवा

वाचकहो, विलीनीकरणाचा विषय निघाला की तुमची-आमची नजर प्रथम पत्रादेवीच्या नाक्याकडे जाते. नाक्याच्या अलीकडे गोवा, पलीकडे सिंधुदुर्ग, आणि मधली ही रेघ कशासाठी, हा आपला जुना सवाल. आज मात्र आम्ही तुम्हाला जरा लांब, माळव्यात, इंदूरला नेणार आहोत. रेघेपलीकडे राहिलेला मराठी माणूस हा एकट्या गोमंतकाचा किंवा एकट्या बेळगावचा प्रश्न नव्हे. आणि इंदूरच्या उदाहरणावरून जे शिकता येते, ते पणजीलाही उपयोगी पडण्याजोगे आहे.

तुमच्यापुढे १६ जानेवारी १९६७ रोजी निदान एक प्रश्न तरी ठेवला गेला. एकीकडे फूल, दुसरीकडे दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी आपण हरलो आणि १९८७ साली गोवा घटकराज्य झाले. तो कौल ज्यांना आजही सलतो, त्यांनी तो विसरावा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु इंदूरच्या मराठी माणसापुढे कोणती पेटी ठेवली होती? १९४८ साली होळकरांचे राज्य मध्य भारतात गेले. ग्वाल्हेर ही त्याची हिवाळी राजधानी आणि इंदूर उन्हाळी. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत मध्य प्रदेशात गेला आणि राजधानी भोपाळला बसली. इंदूर महाराष्ट्रात यावे असा गंभीर प्रस्ताव कोणी मांडला नाही आणि भूगोल पाहता मांडता येण्यासारखाही नव्हता. म्हणजे विलीनीकरण हे औषध ज्याला कधीच लागू पडणार नव्हते, असा हा मराठी समाज. त्याने काय करायचे?

कोणी म्हणेल, तिथले मराठीपण आता उरले आहे कुठे? तसे नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात तीनदा भरले, १९१७ साली, १९३५ साली आणि २००१ साली. राजकारणातही हा समाज कोपऱ्यात बसून राहिला नाही. घटना समितीत मध्य भारताचे प्रतिनिधी म्हणून विनायक सीताराम सरवटे बसले. इंदूरच्या सरवटे बसस्टँडला त्यांचेच नाव आहे. चिपळूणची माहेरवाशीण असलेल्या सुमित्रा महाजन १९८९ पासून आठ वेळा इंदूरमधून लोकसभेवर निवडून गेल्या आणि २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. सभागृहात माणूस नव्हता म्हणून काम अडले, असे इंदूरकरांना म्हणताच येत नाही.

मग अडते कुठे? आमच्या मते ते दोन शेजारी सरकारांच्या परस्परांविषयीच्या अज्ञानापाशी अडते.

एक साधी गोष्ट पाहा. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने शेजारी राज्यांनी एकत्र बसून बोलावे म्हणून विभागीय परिषदा निर्माण केल्या. सरहद्दीचे तंटे, आंतरराज्य वाहतूक आणि भाषिक अल्पसंख्याक हे विषय त्या परिषदांपुढे यावेत असे कायद्यातच लिहिले आहे. सोय उत्तम. परंतु महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम परिषदेत आणि मध्य प्रदेश उत्तर प्रदेशाबरोबर मध्य परिषदेत! बडवाणीपासून बालाघाटपर्यंत ज्यांची शिवेला शीव लागून आहे, बऱ्हाणपूर आणि पांढुर्णा येथे ज्यांच्या भाषा एकमेकींत मिसळल्या आहेत, ती दोन राज्ये एका परिषदेची सभासदच नाहीत. दोन परिषदांची संयुक्त बैठक घेण्याची मुभा कायद्यात आहे, पण तशी बैठक मागायची तर मागणारा कोणीतरी हवा.

गोमंतकीय वाचकांना हे दुखणे परके वाटू नये. गोवा पश्चिम परिषदेत, कर्नाटक दक्षिण परिषदेत. म्हादईचे पाणी दोघांमध्ये, आणि तंटा मात्र २०१० साली लवादापुढे गेला व २०१८ साली त्याचा निवाडा आला. शेजाऱ्याशी बोलायला ओटा नसला की कोर्टाची पायरी चढावी लागते, हा व्यवहारातला अनुभव सरकारांनाही चुकत नाही.

शिवाय या परिषदांत बसते कोण? मुख्यमंत्री आणि दोन मंत्री. विरोधी पक्षाचा आमदार नाही, मग विद्यार्थी कुठून असणार? सरकार बदलले की माणसे बदलली आणि माणसे बदलली की आठवण गेली. पीठासीन अधिकाऱ्यांची परिषद १९२१ पासून भरत आली आहे, तिथे सभापती भेटतात, हे खरे. पण सभापतींच्या भेटीने बडवाणीचा आमदार आणि शिरपूरचा आमदार एकमेकांना ओळखू लागत नाहीत.

कामे होतच नाहीत असे आम्ही म्हणत नाही. इंदूर-मनमाड या नव्या रेल्वेमार्गाला २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अंतर ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये दोन्ही मुख्यमंत्र्यांनी तापी खोऱ्याच्या पुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. तुमच्याकडे तिळारीचे धरण महाराष्ट्र आणि गोवा यांनी मिळून बांधले. रूळ आणि पाणी यांसाठी शेजारी एकत्र येतात, कारण त्यामागे अभियंते असतात, खाती असतात, पैसा असतो. भाषेमागे, शाळेमागे, दाखल्यामागे कोण आहे? इंदुरात मुलांना मराठी शिकवायचे म्हटले तर पुस्तके पुण्याच्या बालभारतीत आणि शाळेचे नियम भोपाळात. मुलगी शिकायला पुण्याला निघाली की ती परराज्यातली. बेळगावकडच्या ८६५ गावांतील मराठी माणसांसाठी महाराष्ट्राने सवलती ठेवल्या आणि २७ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात विधिमंडळाने त्या गावांबद्दल एकमुखाने ठरावही केला. योग्यच केले. ती गावे महाराष्ट्र मागतो आहे म्हणून त्यांची याद राहते. ज्यांना महाराष्ट्र मागत नाही, त्यांची याद कोणी ठेवायची?

आपले पूर्वज या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते. अहिल्याबाईंच्या महेश्वर दरबारात पुण्याचा वकील बसलेला असे आणि तिथली खडान्‌खडा हकीकत तो पुण्याला लिहून पाठवी. ती बातमीपत्रे द. ब. पारसनीसांनी छापून ठेवली आहेत. गोव्याचे पोर्तुगीज सरकारदेखील पेशव्यांच्या दरबारी आपले वकील ठेवी आणि त्या कामी गोमंतकातली मराठी जाणणारी माणसेच नेमी. पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५२ साली या वकिलांवर एक मोठा ग्रंथच लिहिला. सरहद्दी त्या काळीही होत्या आणि आजच्यापेक्षा कडक होत्या. म्हणूनच पलीकडे काय चालले आहे हे कळणारा आपला एक माणूस पलीकडे बसलेला असावा, एवढे शहाणपण दरबारांपाशी होते. आज दिल्लीत प्रत्येक राज्याचे सदन आहे, पण शेजाऱ्याच्या विधानभवनात आपला डोळा नाही, कान नाही.

यावर आमची सूचना लहान आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गोवा या तीन विधिमंडळांनी परस्परांकडे शिकाऊ उमेदवार पाठवावेत. निवडणुकीची उमेदवारी नव्हे, काम शिकण्याची. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठातली पाच मुले एका अधिवेशनापुरती मुंबईला किंवा नागपूरला बसवा. मुंबई-नागपूरची पाच भोपाळला, गोवा विद्यापीठाची पाच दोन्हीकडे आणि तिकडली पाच पर्वरीला. त्यांनी तारांकित प्रश्न कसा तयार होतो ते पाहावे, समितीच्या बैठकीची टिपणे करावीत, विधेयकाची दोन राज्यांतली कलमे शेजारी-शेजारी मांडून आमदारांच्या हाती द्यावीत. परत आल्यावर आपल्या विधिमंडळाला दहा पानांचा अहवाल द्यावा. शेजाऱ्याच्या राज्यात भाषिक अल्पसंख्याकांसाठी काय केले जाते, हे एक प्रकरण त्यात सक्तीचे असावे.

ही काही हवेतली कल्पना नव्हे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरवत आली आहे. त्यात इंदूर आणि पणजीसाठी काही जागा राखून ठेवायला नवा कायदा लागत नाही, एक पत्र पुरते. आणि नागपूरच का, तर १९५६ पूर्वी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सभागृहात याच शहरी अकोला-अमरावतीचे मराठी आमदार आणि जबलपूर-सागरचे हिंदी आमदार एकत्र बसत होते. दिल्लीत २०१० पासून पीआरएस या संस्थेमार्फत तरुण पदवीधर खासदारांच्या हाताखाली काम शिकत आले आहेत. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या विधिमंडळाने १९७५ सालीच अशी उमेदवारी सुरू केली. तिथे एकाच उमेदवाराला काही महिने सरकार पक्षाच्या आमदाराकडे आणि काही महिने विरोधकाकडे काम करावे लागते. युरोपच्या उत्तरेकडे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि आइसलंड यांच्या खासदारांनी १९५२ साली एक सामाईक परिषद स्थापली, १९५५ साली फिनलंड तिच्यात आला. एकाही देशाची सीमा हलली नाही, पण शेजारच्या देशात नोकरी करायला परवान्याची गरज उरली नाही. सीमा हलवल्याशिवाय सीमेचा काच कमी करता येतो, याचा हा दाखला.

आता आक्षेप. पहिला आपल्याच घरातला. कट्टर विलीनीकरणवादी विचारतील, शेजाऱ्यासारखी देवाणघेवाण करणे म्हणजे ही रेघ मान्य करणे नव्हे काय? वाचकहो, उलट विचार करा. १९६७ साली विरोधकांनी लोकांना भीती कशाची घातली होती? मुंबईत आपले कोणी ऐकणार नाही, आपण एका कोपऱ्यातला जिल्हा होऊन बसू, याची. त्या भीतीला आपण व्याख्यानांनी उत्तरे दिली, ओळखीने दिली नाहीत. गोव्याची पन्नास मुले त्या अगोदर मुंबईच्या विधानभवनात वावरून आली असती, तर निकाल फिरला असता असे आम्ही म्हणणार नाही, पण निदान प्रचार अज्ञानावर चालला नसता. ज्याला एकत्र यायचे आहे त्याने आधी ओळख वाढवावी आणि ज्याला वेगळे राहायचे आहे त्यालाही शेजार चुकत नाही.

दुसरा आक्षेप असा की ही मुले चहा आणतील, फायली वाहतील आणि पुढाऱ्यांचे बगलबच्चे तेवढे निवडले जातील. धोका खरा आहे. म्हणूनच नेमणूक आमदाराकडे न होता विधिमंडळ सचिवालयातल्या समितीकडे व्हावी, निवड विद्यापीठाने लेखी परीक्षेवर करावी आणि अहवाल छापून खुला ठेवावा. तिसरा आक्षेप खर्चाचा. पंधरा-वीस मुलांच्या राहण्या-जेवणाचा खर्च तीन सरकारांना जड जातो, असे म्हणणाऱ्याने एका लवादाचा वकीलखर्च आधी पाहून यावा.

राहता राहिली भाषा. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. भोपाळात हिंदी चालते. इंदूरच्या मुलाला दोन्ही येतात. म्हणून या योजनेचा पहिला दुवा इंदूरच असावा, असे आमचे म्हणणे. आजवर दोन भाषा येणे हे इंदूरच्या मराठी माणसाचे घरगुती भांडवल होते, ते दोन राज्यांच्या उपयोगी पडू द्या.

भोपाळच्या ज्या विधानभवनात ही मुले बसतील, त्याचा आराखडा चार्ल्स कोरिया या मूळ गोमंतकीय वास्तुशिल्पकाने केला. पणजीची कला अकादमीही त्यांचीच. गोमंतकाची बुद्धी भोपाळच्या सभागृहाच्या भिंतींपर्यंत पोचली आहे, तर गोमंतकाची मुले आतल्या बाकांपर्यंत का पोचू नयेत?

वाचकहो, पर्वरीला तुमचे चाळीस आमदार आहेत. त्यांपैकी तुमच्या मतदारसंघातल्या एकाला पत्र लिहा आणि एवढेच विचारा, शेजारच्या विधिमंडळात काय चालते हे आपल्यापैकी कोणी स्वतः बसून पाहिले आहे काय, आणि नसेल तर पुढच्या अधिवेशनात कोणाला पाठवता? उत्तर आले तर या साप्ताहिकाकडे धाडा. नाही आले, तर तेही कळवा.