देशाच्या धुराला मर्यादा

कारखान्याच्या धुराड्यावर कायद्याचे बंधन असते, हे तुम्ही ऐकले असेल. आपल्या देशात १९८१ साली हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा झाला. एक घनमीटर धुरात अमुक इतकेच मिलिग्रॅम प्रदूषण असावे, असे नियम त्याप्रमाणे ठरतात. पण समजा, तुमच्या गावात एक धुराडे होते आणि आता दहा झाली. दहाही नियम पाळतात. तरी धूर दसपट झालाच ना?

म्हणून माझे मत असे आहे की, सबंध देशाच्या धुरालाही कायद्याने मर्यादा हवी.

युरोपात असा कायदा आहे. स्वीडनमधील कितीतरी तळ्यांचे पाणी आम्लयुक्त झाले होते आणि त्यांतले मासे मरत होते. गंधकाचा बराचसा धूर मात्र ब्रिटन, जर्मनी अशा देशांतून येत होता. वाऱ्याला कुठली आली सरहद्द! १९७९ साली जिनिव्हा येथे देशादेशांत करार झाला. पुढे २००१ साली युरोपीय संघाने कायदाच केला. चार प्रकारच्या प्रदूषकांसाठी प्रत्येक सदस्य देशाला टनांचा आकडा ठरवून दिला. जर्मनीने २०१० पासून वर्षाला ५ लाख २० हजार टनांपेक्षा जास्त सल्फर डायऑक्साइड सोडू नये, असे त्यात होते. २०१६ च्या नव्या कायद्यात बारीक धूलिकणही आले.

सर्वांनी तो नीट पाळला, असे समजू नका. जर्मनीनेच २०१० साली नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ओलांडली. पण आकडा लिहिलेला होता, म्हणून चूक लपली नाही.

आपल्याकडे २०१५ साली कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांसाठी कडक नियम झाले. मुदत होती दोन वर्षांची. ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली. २०२५ साली तर बहुतेक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या नियमातून सूटच मिळाली.

तुम्ही म्हणाल, वीज तर हवीच. खरे आहे. चंद्रपूरच्या विजेवर दूरच्या शहरांतले दिवेही लागतात. पण तो धूर चंद्रपूरच्याच मुलांनी का सोसावा? देशाचा एकूण आकडा कायद्यात असला, तर एका केंद्राला सूट देताना तेवढा धूर दुसरीकडे कमी करून दाखवावा लागेल. आज सूट देणाऱ्याला हा हिशेब कोणी विचारत नाही.