नारुतोसुद्धा शेवटी घराण्याचाच निघाला!

‘ॲनिमेत जात आणू नका यार!’ नारुतो, वन पीस, अटॅक ऑन टायटन यांवर चार पोरं बोलायला बसली आणि आपल्यातल्या कुणी तोंड उघडलं की हे वाक्य ठरलेलं. चळवळीतले ज्येष्ठ दुसऱ्या टोकाला. ‘कार्टून काय बघत बसता? बाबासाहेब वाचा!’ पहिल्याला वाटतं आपण त्याची मजा घालवतो, दुसऱ्याला वाटतं आपण वेळ घालवतो. माझं भांडण दोघांशी आहे. आपल्या वस्त्यांमधली पंधरा-वीस वर्षांची पोरं रात्र रात्र जागून हे बघतात. जन्म मोठा की कर्तृत्व, या प्रश्नाचं एक उत्तर त्यांना तिथून मिळतं. ते उत्तर तपासायचं कुणी?

नारुतोपासूनच सुरुवात करू. मासाशी किशिमोतो यांची ही मांगा १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं चालली, ७०० प्रकरणं झाली. गावाने दूर लोटलेला एक अनाथ पोरगा. मोठी माणसं त्याच्याकडे तिरस्काराने बघतात, आपल्या मुलांना त्याच्यापासून लांब ठेवतात. आपल्याला हे दृश्य कुणी समजावून सांगावं लागत नाही. म्हणून तर हा पोरगा आपल्याला इतका जवळचा वाटला.

त्याच गावात ह्यूगा घराणं आहे. त्याच्या दोन शाखा: एक मुख्य, एक दुय्यम. दुय्यम शाखेत जन्मलेल्याच्या कपाळावर लहानपणीच एक मुद्रा उमटवतात. मुख्य शाखेतल्या माणसाने मनात आणलं की त्या मुद्रेतून त्याला मरणयातना देता येतात. नेजीचा बाप आणि मुख्य शाखेचा प्रमुख हे जुळे भाऊ. जो आधी जन्मला तो धनी, जो मागून आला तो चाकर! नेजी घराण्यातला सगळ्यात हुशार मुलगा, पण माणसाचं नशीब जन्मताच ठरतं हे त्याने पक्कं मान्य केलेलं. चुनिन परीक्षेत नारुतो त्याला हरवतो आणि शब्द देतो की मी होकागे, म्हणजे गावाचा प्रमुख झालो की ह्यूगांची ही रीत बदलेन.

इथपर्यंत कथा आपली आहे. पुढे काय होतं? नारुतो चौथ्या होकागेचा मुलगा निघतो. आई उझुमाकी, जन्मतःच प्रचंड चक्रशक्ती असलेल्या कुळातली. एवढ्यावरही भागत नाही. शेवटाकडे कळतं की तो एका आद्य ऋषीच्या मुलाचा पुनर्जन्म आहे, आणि त्याचा प्रतिस्पर्धी सासुके हा त्याच ऋषीच्या दुसऱ्या मुलाचा. त्या दोन मुलांची नावं आशुरा आणि इंद्र. कुळ, रक्त, पुनर्जन्म, सगळं आलं!

आणि नेजी? तो युद्धात नारुतोला आणि मुख्य शाखेच्या मुलीला वाचवताना मरतो. त्याच्या कपाळावरची मुद्रा पुसली जाते ती मेल्यावरच. दिलेला शब्द पाळून ती प्रथा मोडल्याचा प्रसंग मूळ मांगात येत नाही. रॉक ली आठवतो? ज्याला जादूची एकही विद्या जमत नाही, फक्त हातापायांच्या मेहनतीवर उभा राहिलेला पोरगा. कष्ट जन्माला हरवतात हे सिद्ध करायचं असतं तर शेवटची लढाई त्याची असायला हवी होती. शेवटची लढाई दोन पुनर्जन्मांमध्ये झाली आणि ली मागे कुठेतरी उभा राहिला.

मराठी वाचकाला ही चलाखी नवी नाही. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ सालची. कर्णासाठी डोळे ओले करणाऱ्या पिढ्या आपल्याकडे झाल्या. सूतपुत्र म्हणून हिणवलेला कर्ण! पण वाचकाला पहिल्यापासून माहीत असतं की तो कुंतीचा मुलगा आहे, सूर्याचा मुलगा आहे. म्हणजे अन्याय कोणता? तर ‘खऱ्या’ क्षत्रियाला चुकून सूत समजलं गेलं. खऱ्या सूताला हिणवलं असतं तर एवढं रडू आलं असतं का? अंगठ्याच्या कथेत एकलव्याच्या जन्माचं असलं कुठलंही गुपित नाही. त्याच्या मदतीला सूर्य धावून येत नाही. त्याचा अंगठा जातो आणि कथा पुढे सरकते.

कुणी म्हणेल, बाप होकागे असून नारुतोला फायदा काय झाला? तो उपाशी राहिला, हिणवला गेला, जे मिळवलं ते घाम गाळून. हा मुद्दा अर्धा खरा आहे. त्याचे कष्ट खोटे नाहीत. पण लीनेही तेवढेच कष्ट केले, मग दोघांच्या हाती पडलेल्या फळात एवढा फरक का? लेखकाने स्वतःच उत्तर दिलंय: रक्त. १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी आर्यसमाजी सुधारकांना हाच प्रश्न विचारला होता. चातुर्वर्ण्य गुणांवर आधारलेलं आहे म्हणता, तर मग जन्माची ती जुनी लेबलं कशाला जपून ठेवता? तोंडाने गुणाची भाषा बोलायची आणि शेवटचा हिशोब जन्माने करायचा, ही खोड जुनी आहे. आज तिचं नाव ‘मेरिट’ आहे.

सगळंच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. एइइचिरो ओदा यांची वन पीस १९९७ पासून चालू आहे. तिच्यातले तेनर्‍यूबितो, म्हणजे जगाचे स्वयंघोषित देव, डोक्यावर बुडबुड्यासारखं आवरण घालून फिरतात. का? तर सामान्य माणसं श्वास घेतात ती हवा आपल्या नाकात जाऊ नये म्हणून! विटाळाचं इतकं नेमकं चित्र आपल्याकडच्या किती चित्रपटांत आहे? मत्स्यमानवांच्या बेटावरची कथा तर त्याहून खोल जाते. मत्स्यमानवाने माणसाला रक्त द्यायचं नाही असा तिथे कायदा असतो. तो मोडून जिंबे लुफीला आपलं रक्त देतो. रक्ताची सरमिसळ झाल्याशिवाय आपलेपणा येत नाही, म्हणून आंतरजातीय विवाह, हे बाबासाहेबांनी सांगितलं होतं. लुफीच्या पाठीशीही ओदांनी मोठा बाप आणि मोठा आजा उभा केलाच आहे, हेही नोंदवून ठेवू.

आता ‘ॲनिमेत जात आणू नका’ म्हणणाऱ्यांकडे वळू. बाबांनो, जपानला जात ठाऊक नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? एदो काळात ‘एता’ आणि ‘हिनिन’ म्हणून हिणवलेले समाज होते. मेलेली जनावरं ओढणं, कातडं कमावणं ही त्यांच्यावर लादलेली कामं. ओळखीचं वाटतंय ना? १८७१ च्या फर्मानाने ते कायद्याने मुक्त झाले, तरी बुराकुमिन म्हणून भेदभाव उरलाच. १९२२ साली क्योतोत त्यांनी ‘सुइहेइशा’ ही आपली संघटना उभी केली. १९७५ मध्ये उघड झालं की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या कंपन्यांना विकल्या जात होत्या, नोकरीला आलेला माणूस कुठल्या वस्तीचा हे तपासायला. आपल्याकडे आडनाव विचारतात, तिकडे पत्ता.

आणि कॉमिक्सनेच हा प्रश्न तिथे मांडला. साम्पेइ शिराटो यांची ‘कामुइ-देन’ १९६४ पासून ‘गारो’ मासिकात आली. तिचा नायक बहिष्कृत वस्तीत जन्मलेला आणि तिथलाच राहिलेला. त्या काळच्या आंदोलक विद्यार्थ्यांनी ती डोक्यावर घेतली. ओसामु तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात ‘बुद्ध’ ही मांगा काढली. तिच्यातला चाप्रा हा गुलाम शूद्राचा पोर जन्म लपवून सेनापतीचा दत्तक मुलगा होतो. आईमुळे त्याचं बिंग फुटतं आणि तो आईसोबत मारला जातो. बुद्धाची गोष्ट सांगायला बसलेल्या जपानी चित्रकाराला आधी वर्णव्यवस्था दाखवावी लागली. जात ॲनिमे-मांगात आधीपासून आहे. ती दिसू नये हा आग्रह तेवढा तुमचा आहे.

हा आग्रह का, तेही उघड आहे. अटॅक ऑन टायटनमधल्या एल्डियन लोकांच्या दंडावरची पट्टी बघून हळहळणं सोपं असतं. त्यासाठी काही सोडावं लागत नाही. तोच चाहता हॉस्टेलवर नव्या मुलाला पहिला प्रश्न विचारतो, ‘कॅटेगरी कोणती?’ शिवाय एल्डियन माणूस खरोखर राक्षस होऊ शकतो, म्हणजे त्याची भीती वाटायला कथेत काही कारण तरी आहे. एक्स-मेनमधल्या म्युटंटांचंही तेच. आमचा स्पर्श टाळायला मात्र कधीच कारण लागलं नाही. त्यामुळे या रूपकांना एका मर्यादेपलीकडे आमची गोष्ट सांगता येत नाही. ती आम्हालाच सांगावी लागेल.

म्हणून शेवटचा शब्द ज्येष्ठांसाठी. ज्या चळवळीचा विचार भीमराव कर्डकांच्या जलशांनी गावोगाव पोहोचवला, तिने रंजनाला नाक मुरडू नये. अमेरिकेत १९५७ साली माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर सोळा पानी कॉमिक निघालं, किंमत दहा सेंट. ते वाचून घडलेल्यांत जॉन लुईस होते. पुढे खासदार असताना त्यांनी स्वतःच्या लढ्याची गोष्ट ‘मार्च’ या चित्रकादंबरीतून सांगितली. आपल्याकडे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी २०११ मध्ये ‘भीमायन’ चितारलं, तेव्हा त्यांनी जुन्या कॉमिक्सच्या चौकटीच नाकारल्या.

आपल्या पोरांच्या वहीच्या शेवटच्या पानांवर आज नारुतो आणि लुफी आहेत. ज्याला नारुतो काढता येतो त्याला महाडचं तळंही काढता येतं. दर सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे चवदार तळ्यावरचं सोळा पानी, दहा रुपयांचं कॉमिक का नसावं? फक्त एक अट पाळा. ओंजळीने पाणी पिणारा तुमचा नायक शेवटच्या पानावर कुठल्या राजाचा हरवलेला मुलगा निघता कामा नये.

जय भीम!