बाँडवरची फारकत आणि विहारातलं दुसरं लग्न



मुकुंदवाडीकडच्या एक ताई आमच्याकडे आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला शंभर रुपयांचा बाँड काढला. त्यावर मजकूर असा: आम्ही उभयता राजीखुशीने फारकत घेत आहोत, मुलगा वडिलांकडे राहील, मुलगी आईकडे राहील, एकरकमी 40 हजार मिळाले, यापुढे पोटगी मागणार नाही, दोघांनाही दुसरं लग्न करण्याची मोकळीक राहील. खाली सह्या, चार साक्षीदार, नोटरीचा शिक्का. या कागदाच्या भरवशावर ताईंनी दुसरं लग्न केलं, तेही विहारात, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर. तीन वर्षांनी दुसऱ्या नवऱ्याने घराबाहेर काढलं. ताईंनी पोटगीचा अर्ज केला तेव्हा त्याच्या वकिलाने हाच बाँड कोर्टापुढे ठेवला आणि विचारलं, ही बाई बायको नेमकी कोणाची?

कायद्याचं उत्तर सरळ आहे. पहिल्याचीच. बाँडने लग्न मोडत नाही.

आपल्या वस्त्यांमध्ये हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं तेही 'चालतंय की' म्हणून सोडून देतात. बौद्धांची लग्नं हिंदू विवाह कायदा, 1955 याखाली येतात. तो कायदा बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना लागू आहे. हे आपल्याला खटकतं, खटकायलाच हवं, वेगळ्या बौद्ध विवाह कायद्याची मागणी त्यातूनच आलेली आहे. पण जोवर तो होत नाही तोवर घटस्फोट कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच होतो. हुकूमनाम्याशिवाय केलेलं दुसरं लग्न रद्दबातल, आणि वर गुन्हा. पूर्वी कलम 494 होतं, आता भारतीय न्याय संहितेत 82 आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

इथे कोणीतरी जाणकार हमखास म्हणतो, अहो, रूढीने झालेल्या काडीमोडीला कायद्यात मान्यता आहे. बरोबर आहे. कलम 29(2) मध्ये ती आहे. पण ती कोणाच्या रूढीला? जातीच्या. आमच्या जातीत पंचांसमोर सोडचिठ्ठी देण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत आली आहे, हे कोर्टात मांडून पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. सुप्रीम कोर्टाने 2002 साली यमनाजी जाधव खटल्यात हेच सांगितलं. 2004 साली डागा खटल्यात माहेश्वरी समाजातली सोडचिठ्ठी कोर्टापुढे आली, ती तर परतवाड्याला नोंदणी केलेली होती. तरी रूढी सिद्ध झाली नाही आणि त्या बाईचं दुसरं लग्न रद्दबातल ठरलं. कलम 25 खाली पोटगी मात्र कोर्टाने कायम ठेवली.

आता आम्हाला आपल्या लोकांना एक विचारायचं आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आपण जात टाकली ना? 22 प्रतिज्ञा घेतल्या ना? मग बायको सोडायची वेळ आली की टाकलेल्या जातीची रूढी कुठून आठवते? कोर्टात उभं राहून 'आम्ही बौद्ध, पण आमची पूर्वीची जात अमुक आणि तिच्यात काडीमोड चालते' असं सांगायची तयारी आहे का?

काडीमोडीची लाज वाटावी असं मात्र काही नाही. उलट आहे. हिंदू कोड बिलावर बोलताना बाबासाहेबांनी 1949 साली सनातन्यांना हेच ऐकवलं होतं, की ज्यांना तुम्ही शूद्र म्हणता ते हिंदूंमधले सुमारे 90 टक्के लोक, आणि त्यांच्यात घटस्फोट आधीपासून आहे. जन्माची गाठ, सात जन्मांचं नातं हे वरच्यांचं. आपल्या आज्या पटत नसेल तर काडी मोडून मोकळ्या होत होत्या. पण ती काडी चार माणसांत मोडली जायची, बाईच्या माहेरचे समोर असायचे, दिल्याघेतल्याचा हिशेब तिथेच व्हायचा. पंच काही साधुसंत नव्हते, हेही खरं. आजचा बाँड मात्र टायपिंगवाल्याकडे तयार असतो, फक्त नावं बदलायची. नोटरीला त्यात पाहायला कोणी सांगितलेलं नाही. केंद्राच्या विधी विभागाने तर 2024 च्या ऑक्टोबरात नोटरींना लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागद करू नका असं बजावलं. फरक एवढाच दिसतो की बाँड आता शंभरचा नाही, पाचशेचा लागतो.

या कागदाने मोकळा कोण होतो? पुरुष. त्याच्या दुसऱ्या लग्नावर तक्रार करायला पहिली बायको जात नाही, कारण तिनेही सही केलेली असते. बाई मात्र दोन्हीकडून अडकते. यमुनाबाई आढाव खटल्यात 1988 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नवऱ्याची पहिली बायको हयात असताना झालेल्या लग्नातली बाई कायद्याने 'पत्नी' नाही, तिला कलम 125 ची पोटगी नाही. पहिल्या लग्नाची गोष्ट तिच्यापासून लपवली असली तरी नाही. तो कडकपणा सैल व्हायला 25 वर्षं गेली. 2013 चा बादशाह विरुद्ध उर्मिला गोडसे हा खटला आपल्याच औरंगाबाद खंडपीठातून दिल्लीला गेला, आणि पहिलं लग्न लपवणाऱ्या नवऱ्याला त्याच्याच लबाडीचा फायदा मिळणार नाही असं कोर्टाने ठरवलं. 2025 च्या जानेवारीत उषा राणी खटल्यात तर ताईंसारखीच गोष्ट होती: पहिल्या नवऱ्याशी लेखी समझोता, हुकूमनामा नाही, दुसरं लग्न. दुसऱ्या नवऱ्याकडून पोटगी मिळाली. चांगलं झालं. ताईंच्या वकिलाच्या हातात आज हाच निकाल आहे. पण दुसऱ्याच्या धुण्याभांड्यावर जगणाऱ्या बाईने हक्काच्या पोटगीसाठी निकालांची चळत घेऊन भांडायचं का?

आणि मुलं. 'मुलगा त्याचा, मुलगी तिची' ही वाटणी आम्ही इतक्या बाँडांवर वाचली आहे की आता ती भांड्यांच्या वाटणीसारखी वाटते. बहीण-भाऊ वेगळे करताना त्यांना कोणी विचारत नाही. कायद्यात मुलाचं हित सगळ्यात वर आहे, पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं, आणि मुलाच्या पोटगीचा हक्क आईने सही करून सोडून देता येत नाही, कारण तो तिचा नसतोच. त्याच 1956 च्या पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्यानंतर आई असं अजूनही लिहिलेलं आहे. 1999 साली गीता हरिहरन खटल्यात कोर्टाने त्या 'नंतर'चा अर्थ मोठा केला, पण शब्द तसाच आहे. त्याविरुद्ध आपण बोललं पाहिजे. बाँडवर मुलं वाटून घेणं हे काही त्याचं उत्तर नाही.

लोक म्हणतात, कोर्टात वर्षं जातात, रोज बुडतो. खरं आहे, वाद असेल तर जातात. पण बाँड करणाऱ्यांत वाद कुठे असतो? दोघं राजीच असतात. अशांसाठी 1976 पासून कलम 13ब आहे. एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं. 2017 पासून योग्य प्रकरणात ते सहा महिनेही कोर्ट माफ करू शकतं. जे बाँडवर लिहिता तेच तिथे लिहा, फरक असा की तिथलं पाळावं लागतं. बाईला आणि अनुसूचित जातीच्या कोणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बायकांना अशा खटल्यांत महाराष्ट्रात 1994 पासून कोर्ट फी नाही. खर्च जातो तो ये-जा करण्यात आणि बुडालेल्या रोजात. त्यासाठी वस्तीतून वर्गणी काढावी. जयंतीच्या डीजेला निघतेच.

पण आमचा खरा राग विहारांवर आहे. दुसरं लग्न लागतं तिथे. प्रमाणपत्रही मिळतं तिथेच. बौद्धाचार्य वधू-वरांना जन्माचे दाखले मागतात, आधार मागतात, आणि 'घटस्फोटित' लिहिलेलं असेल तर बाँडची झेरॉक्स घेऊन पुढे जातात. भारतीय बौद्ध महासभेने आणि प्रत्येक विहार समितीने हे थांबवावं. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल आणि अपिलाची मुदत संपल्याची खात्री, एवढं पाहिल्याशिवाय त्रिसरण म्हणायला सुरुवात करू नये.

आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही फॉर्मवर ही ओळ वाढवून घेतली. दिवाळीनंतर एका नवरदेवाच्या मामाने त्यावरून मोठं भांडण केलं, मंडपाचा विसार दिला आहे म्हणाला, दुसऱ्या विहारात जाऊ म्हणाला. मुलीच्या आईने मात्र मंडपवाल्याला स्वतः फोन केला. लग्न पुढे गेलं आहे, आणि नवरदेव व त्याची पहिली बायको दोघांनी मिळून फॅमिली कोर्टात अर्ज दिला आहे.