‘नॉर्मल’ अहवालात दडलेला हृदयविकाराचा धोका

दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादमध्ये, विशेषतः इंदिरापुरम आणि वैशालीसारख्या वसाहतींत, घरी येऊन रक्ताचा नमुना नेण्याची सेवा आता नित्याची झाली आहे. अहवाल मोबाईलवर येतो आणि ज्या आकड्यापुढे खूण नाही, तो निर्दोष मानला जातो. एलडीएल कोलेस्टेरॉलच्या बाबतीत हा समज महागात पडू शकतो.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये रक्तातील चरबीविषयी भारतासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार सर्वसाधारण, कमी धोका असलेल्या व्यक्तीचे एलडीएल प्रति डेसिलिटर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांसारख्या अधिक धोक्याच्या गटात ही मर्यादा ७० आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांसाठी ती ५५ आहे.

म्हणजेच ११० हा एकच आकडा तीन व्यक्तींसाठी तीन वेगळे अर्थ सांगतो. निरोगी तरुणाला तो आहार आणि व्यायामाकडे लक्ष देण्याची सूचना देतो. मधुमेही व्यक्तीसाठी तो बराच वर आहे, तर झटका येऊन गेलेल्या रुग्णासाठी तो उद्दिष्टाच्या दुप्पट आहे. अहवालाच्या उजव्या रकान्यात छापलेली मर्यादा मात्र सर्वांना सारखीच असते. समोरच्या व्यक्तीला मधुमेह आहे की नाही, तिच्या वडिलांना पन्नाशीआधी झटका आला होता का, हे प्रयोगशाळेच्या यंत्राला ठाऊक नसते.

दुसरी बाब त्याहून कमी लोकांना माहीत आहे. बहुतेक अहवालांतील एलडीएल मोजलेले नसते, ते वजाबाकीने काढलेले असते. १९७२ मध्ये मांडलेल्या फ्रीडवाल्ड सूत्रात एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र लागू पडत नाही. त्याखालीही ट्रायग्लिसराइड जसे वाढते, तसे एलडीएल प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याची शक्यता वाढते.

समजा, एकूण कोलेस्टेरॉल १९०, ट्रायग्लिसराइड २५० आणि एचडीएल ३४ आहे. सूत्राने एलडीएल १०६ येते. वाचणारा निश्चिंत होतो. परंतु एकूण आकड्यातून केवळ एचडीएल वजा केले, तर उरते १५६. यालाच नॉन-एचडीएल म्हणतात. धमन्यांत साचू शकणारे सारे कोलेस्टेरॉल त्यात मोजले जाते. कमी धोक्याच्या व्यक्तीसाठीही ते १३० च्या आत हवे. या गणितासाठी वेगळी चाचणी लागत नाही, उपाशीपोटी राहण्याचीही सक्ती नाही.

भारतीयांना हे गणित अधिक लागू पडते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, महाराष्ट्राचाही समावेश असलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एलडीएल जास्त असलेले ११.८ टक्केच होते. मात्र ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के आणि एचडीएल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के होते. केवळ एलडीएलच्या रकान्यावर नजर ठेवली, तर यांतील बहुतेक जण सुटून जातात.

याखेरीज लिपोप्रोटीन-ए हा आनुवंशिक घटक आहे. तो आहाराने फारसा बदलत नाही आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये मोजलाही जात नाही. आयुष्यात एकदा तरी तो तपासावा, अशी २०२४ ची शिफारस आहे. पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षी आणि घरात अकाली हृदयविकाराचा इतिहास असल्यास त्याही आधी करावी, असे ही तत्त्वे सांगतात. पन्नास-साठ चाचण्यांच्या सवलतीच्या पॅकेजपेक्षा ही एक चाचणी अनेकदा अधिक काही सांगून जाते.

सर्वांत घातक गैरसमज मात्र उपचार सुरू झाल्यानंतरचा आहे. स्टॅटिन गटातील गोळीने एलडीएल ६० वर आले, की अहवाल नॉर्मल झाला म्हणून अनेक रुग्ण डॉक्टरांना न विचारता गोळी थांबवतात. तो आकडा गोळीमुळे खाली आलेला असतो. गोळी बंद झाल्यावर काही आठवड्यांतच तो पूर्वपदावर जातो आणि पुढची तपासणी बहुधा वर्षभराने होते.