बाळंतिणीच्या पायाकडे कोण बघणार?

बाई सुटली, बाळ रडले, पेढे वाटले. पण रक्तात गुठळी होण्याचा धोका बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत गरोदरपणापेक्षाही जास्त असतो, हे लोणावळ्यापासून पवन मावळापर्यंत किती घरांत कुणी सांगितले आहे? प्रसूतीत फार रक्त जाऊ नये म्हणून शरीर रक्त गोठण्याची तयारी ठेवते. त्यात बाई नुसती पडून राहिली, पाणी कमी प्यायली, सिझेरियन झाले, जंतुसंसर्ग झाला, की पायाच्या शिरेत गुठळी धरू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो.

आणि आपण काय करतो? दहा दिवस विटाळ पाळतो! कोपऱ्यात बाज, बाजेखाली शेगडी, वर 'पाणी बेताने पी'. १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांच्या लेकीसुनांना घरातच विटाळ? बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरांतही हे चालते. म्हणून आम्ही आधी आमच्याच माणसांशी भांडतो.

दुसरीकडे हातावर पोट असलेली कातकरी बाई बाळ झोळीत टाकून लगेच कामाला जुंपली जाते. मग कुणी शहाणा म्हणतो, चालणे चांगलेच की! नाही हो. खाटेवरून लवकर उठून थोडे थोडे फिरणे वेगळे, उन्हात विटा वाहणे वेगळे. मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलावा, हे बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मांडले होते.

२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, औषधे फुकट, घरी सोडायला गाडीही. हे चांगलेच आहे. पण सिझेरियन झालेल्या, आधी गुठळी झालेल्या, वजन जास्त असलेल्या बाईचा धोका घरी सोडण्याआधी तपासला पाहिजे. डॉक्टरांना गरज वाटली तर हेपॅरिनचे इंजेक्शन तिथेच मिळाले पाहिजे; ते घेताना बाळाला अंगावर पाजता येते.

आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येते, बाळाचे वजन करते. तिने आईलाही विचारावे: एकच पाय सुजलाय का, पोटरी दुखते का, दम लागतो का, छातीत दुखते का? एकाचेही उत्तर हो आले तर त्याच दिवशी दवाखाना. दम लागत असेल तर तडक १०८. आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या मोटारींच्या रांगेतून त्या गाडीला वाट कोण काढून देणार, हेही नगरपरिषदेने आत्ताच सांगावे.