खापर उंदरांच्या माथी

२७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात मुठा उजवा कालवा फुटला आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतील श्रमिकांचे संसार पाण्यात गेले. मंत्रिमहोदयांनी दोष दिला तो उंदीर, घुशी व खेकड्यांना! परंतु बिळे एका रात्रीत पडत नाहीत. हा कालवा आजही दौंड-इंदापूरची शेती भिजवतो. त्याची निगा राखणे हे शासनाचे कर्तव्य, प्राण्यांचे नव्हे. देखभालीला अनुत्पादक खर्च मानणाऱ्या अर्थनीतीत तिजोरीत वाचलेला रुपया अखेर झोपडीतून वसूल होतो. म्हणून मागणी दयेच्या मदतीची नसावी. कालव्याच्या भरावाची दरवर्षी तपासणी व्हावी, तिचा अहवाल वस्तीसमोर मांडला जावा आणि कसूर करणाऱ्यावर जबाबदारी निश्चित व्हावी, हीच खरी मागणी होय.